रिकामे गाडगे पुन्हा भरणारी विकरे: क जीवनसत्त्व आणि वनस्पतींची ताण सोसण्याची ताकद

ओहोटीच्या वेळी खाडीकाठच्या तिवराचे एखादे पान हातात घेऊन नीट पाहिले, तर त्यावर मिठाचे बारीक पांढरे कण चिकटलेले दिसतात, आणि पान जिभेला लावले तर ते चक्क खारट लागते. मुळांतून आत आलेल्या मिठाचा काही भाग पानांवरच्या खास ग्रंथींतून बाहेर टाकण्याची सोय या झाडाने करून ठेवलेली आहे. त्याच खाडीपासून एका मातीच्या बांधाने वेगळी झालेली भातखाचरे मात्र, बांध फुटून किंवा नादुरुस्त उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) भरतीचे पाणी आत शिरले, की काही दिवसांत मान टाकू लागतात. पानांचे शेंडे आधी पांढुरके होतात आणि मग करपल्यासारखे दिसतात. ऊन तेच, पाणी तेच. तरी एक झाड पिढ्यानपिढ्या त्यात उभे राहते आणि दुसरे आठवड्याभरात हार मानते.

मिठाच्या ग्रंथी हे या फरकाचे डोळ्यांना दिसणारे कारण आहे. डोळ्यांना न दिसणारे एक कारण पानाच्या पेशींत, हरितलवकांच्या म्हणजे हरितद्रव्य असलेल्या सूक्ष्म कप्प्यांच्या आत घडते. त्याचा संबंध आपण आवळ्या-लिंबाशी जोडतो त्या क जीवनसत्त्वाशी आहे, आणि त्याहूनही अधिक, वापरून झालेले क जीवनसत्त्व पुन्हा वापरण्याजोगे करून देणाऱ्या विकरांशी, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांशी आहे. या विकरांकडे सामान्य वाचकाचे फारसे लक्ष गेलेले नाही, म्हणून ती कशी चालतात हे येथे जरा सविस्तर मांडत आहे.

जमिनीत मीठ वाढले, पाऊस लांबला किंवा थंडी अचानक वाढली, तर प्रत्येक वेळी वनस्पतीवर येणारे संकट वेगळे असते. पण या तिन्हींचा शेवट पानात बहुधा एकाच ठिकाणी होतो. खारट मातीतून पाणी ओढणे मुळांना जड जाते, म्हणून असलेले पाणी वाचवण्यासाठी पान आपली पर्णरंध्रे मिटून घेते. रंध्रे मिटली की बाहेरचा कार्बन डायऑक्साइड आत येईनासा होतो आणि साखर तयार करण्याचे काम मंदावते. सूर्य मात्र थांबत नाही. हरितद्रव्यावर प्रकाश पडतच राहतो, त्या प्रकाशाने सुटे केलेले इलेक्ट्रॉन पुढे सरकतच राहतात आणि त्यांना घेणारा नेहमीचा ग्राहक जागेवर नसतो. मग ते जवळच उपलब्ध असलेल्या प्राणवायूच्या पदरात पडतात. प्रकाशात ठेवलेली हरितलवके हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, हे ॲलन मेहलर यांनी १९५१ मध्ये दाखवले होते. पुढच्या संशोधनातून कळले, की प्राणवायूला एक इलेक्ट्रॉन मिळून आधी सुपरऑक्साइड नावाचा तापट कण तयार होतो आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर त्याचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते.

हायड्रोजन पेरॉक्साइड आपल्या परिचयाचे आहे. जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानातून आणलेल्या बाटलीत तेच असते. जखमेवर पडताच त्याचा फेस येतो, कारण आपल्या रक्तातील आणि पेशींतील कॅटलेज हे विकर त्याचे क्षणात पाणी आणि प्राणवायू करून टाकते. वनस्पतींकडेही कॅटलेज असते, पण ते पेरॉक्सिसोम नावाच्या वेगळ्या कप्प्यांत राहते. हरितलवकात ते नसते. शिवाय पेरॉक्साइडचे प्रमाण भरपूर असले तरच कॅटलेज खऱ्या अर्थाने जोमाने काम करते, आणि हरितलवकाला तेवढी वाट पाहणे परवडणारे नसते. पानांतून अखंड वेगळ्या काढलेल्या हरितलवकांवर १९७६ मध्ये झालेल्या प्रयोगांत केवळ १० मायक्रोमोलर पेरॉक्साइडने कार्बन डायऑक्साइड बांधून घेण्याचा वेग निम्म्यावर आला. १० मायक्रोमोलर म्हणजे लिटरमागे साधारण एक तृतीयांश मिलिग्रॅम. जखमेवर वापरल्या जाणाऱ्या ३ टक्के द्रावणाशी तुलना केली, तर हे प्रमाण सुमारे ९० हजार पट पातळ आहे. इतक्या सूक्ष्म प्रमाणालाही जे यंत्र दबते, त्याला पेरॉक्साइड साचू देऊन चालत नाही. ते तयार होता होताच निकाली काढावे लागते.

ते काम क जीवनसत्त्वावर सोपवलेले आहे. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये हे द्रव्य वेगळे काढले आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून ते आपल्यासाठी प्रामुख्याने स्कर्व्ही टाळणारे जीवनसत्त्व ठरले. वनस्पतीला मात्र ते बाहेरून मिळवावे लागत नाही. ती ते साखरेपासून स्वतः बनवते, आणि त्याचा मुख्य मार्ग १९९८ मध्ये स्पष्ट झाला. हरितलवकात त्याचे प्रमाण २० मिलिमोलर किंवा त्याहूनही अधिक असू शकते. २० मिलिमोलर म्हणजे लिटरमागे साडेतीन ग्रॅम. पेशीतल्या एखाद्या लहान रेणूच्या मानाने हा साठा प्रचंड आहे. तरीसुद्धा, भर उन्हात पेरॉक्साइड ज्या वेगाने तयार होऊ शकते तो लक्षात घेतला आणि वापरलेले जीवनसत्त्व परत मिळत नाही असे मानले, तर हा सगळा साठा काही मिनिटांत आटोपेल. इतक्या झपाट्याने नवे जीवनसत्त्व बनवणे वनस्पतीला शक्य नसते. म्हणजे साठ्याच्या आकड्यावरून झाडाची ताकद ठरवता येत नाही. तो साठा किती वेगाने फिरतो हे पाहावे लागते.

कोकणातल्या नारळी-पोफळीच्या वाडीत विहिरीवर चालणारा रहाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट पटकन उमगेल. माळेला बांधलेली गाडगी भरून वर येतात, पन्हळीत रिकामी होतात आणि पुन्हा खाली जाऊन भरतात. पाणी किती मिळणार हे गाडग्यांच्या संख्येवर जितके ठरते, तितकेच रहाट किती वेगाने फिरतो यावर ठरते. क जीवनसत्त्वाचा प्रत्येक रेणू हे असे एक गाडगे आहे असे समजू या, आणि त्यात पाण्याऐवजी इलेक्ट्रॉनच्या दोन ओंजळी मावतात असे धरू या.

हायड्रोजन पेरॉक्साइडच्या एका रेणूचे निरुपद्रवी पाणी करायला दोन इलेक्ट्रॉन लागतात. ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज (ॲस्कॉर्बेट हे क जीवनसत्त्वाचेच रासायनिक नाव) हे विकर दोन गाडग्यांतून प्रत्येकी एक ओंजळ काढून घेते आणि पेरॉक्साइडला देते. पालकाच्या हरितलवकांत हे काम खास क जीवनसत्त्वच वापरणारे विकर करते, असे जपानमध्ये कोझी आसादा आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८१ मध्ये दाखवले. या व्यवहारानंतर दोन्ही गाडगी अर्धी रिकामी झालेली असतात. जीवनसत्त्वाच्या या अर्ध्या रिकाम्या रूपाला मोनोडीहायड्रोॲस्कॉर्बेट म्हणतात. रसायनशास्त्राच्या भाषेत तो मुक्तमूलक, म्हणजे एकुलता एक इलेक्ट्रॉन बाळगणारा कण असतो. असे कण एरवी शेजारच्या रेणूंवर तुटून पडतात, पण हा विलक्षण सौम्य असतो, कारण त्याचा एकटा इलेक्ट्रॉन रेणूच्या बऱ्याच भागावर पसरून राहतो. क जीवनसत्त्व इतके चांगले रक्षक का ठरले, याचे माझ्या मते सर्वांत सुंदर कारण हेच आहे: ते स्वतः घायाळ झाले तरी दुसऱ्या कुणाला घायाळ करत नाही.

हे अर्धे गाडगे लगेच भरून देणारे विकर म्हणजे मोनोडीहायड्रोॲस्कॉर्बेट रिडक्टेज. ते एनएडीएच किंवा एनएडीपीएच या इलेक्ट्रॉनवाहू रेणूंकडून इलेक्ट्रॉन घेते आणि गाडग्यात हरवलेली ओंजळ परत घालते. हरितलवकात हरितद्रव्य धारण करणाऱ्या पटलांना अगदी लागून असलेल्या जागी तर फेरेडॉक्सिन हे प्रथिन, प्रकाशाने नुकतेच सुटे केलेले इलेक्ट्रॉन वापरून हेच काम आणखी वेगाने करते. पण दोन अर्धी गाडगी भरण्याआधीच एकमेकांना भेटली, तर एक आपली उरलेली ओंजळ दुसऱ्याला देऊन टाकते. मग एक पूर्ण भरलेले गाडगे उरते आणि दुसरे पूर्ण रिकामे. या पूर्ण रिकाम्या रूपाला डीहायड्रोॲस्कॉर्बेट म्हणतात.

खरा धोका येथे आहे. रिकामे गाडगे कच्च्या मातीचे असते. फार वेळ तसेच राहिले तर विरघळते. डीहायड्रोॲस्कॉर्बेटच्या रेणूतले अणूंचे वर्तुळाकार कडे पेशीतल्या उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी वातावरणात काही मिनिटांत उघडते, आणि एकदा ते उघडले की त्यापासून पुन्हा क जीवनसत्त्व बनवता येत नाही. तो रेणू झाडासाठी कायमचा गेला. त्यापुढे त्याची मोडतोड होऊन ऑक्सॅलिक आम्लासारखे पदार्थ तयार होतात. (क जीवनसत्त्व मोडण्याचे इतरही मार्ग आहेत, द्राक्षाला आंबटपणा देणारे टार्टारिक आम्ल त्यांपैकीच एका मार्गाने तयार होते.) ही गळती रोखण्यासाठी दुसरे विकर सज्ज असते: डीहायड्रोॲस्कॉर्बेट रिडक्टेज. ते ग्लुटाथायोन या गंधकयुक्त छोट्या रेणूकडून दोन्ही ओंजळी एकदम घेते आणि रिकामे गाडगे विरघळण्याआधी भरून टाकते. त्यात खर्ची पडलेले ग्लुटाथायोन पूर्ववत करण्यासाठी ग्लुटाथायोन रिडक्टेज हे तिसरे विकर एनएडीपीएच वापरते. हरितलवकात ग्लुटाथायोन आणि त्याचे हे विकर असते आणि त्यांचा क जीवनसत्त्वाशी संबंध असावा, ही मांडणी क्रिस्टिन फॉयर आणि बॅरी हॅलिवेल यांनी १९७६ मध्ये केली. म्हणूनच या चक्राला फॉयर-हॅलिवेल-आसादा चक्र असे नाव पडले आहे.

रहाट ओढणारा बैल कोण, हा प्रश्न येथे साहजिक येतो. एनएडीपीएच उन्हाच्या ऊर्जेवर तयार होते, म्हणजे ज्या प्रकाशामुळे पेरॉक्साइडचे संकट उभे राहिले, तोच प्रकाश ते निस्तरण्याची ताकदही पुरवतो. एवढेच नाही, तर घेणारा नसल्यामुळे तुंबलेल्या इलेक्ट्रॉनना या चक्रातून वाट मिळते आणि पानाच्या प्रकाशयंत्रणेवरचा दाब हलका होतो.

रहाट थांबला तर काय होते, याचे उत्तर ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेजच्याच एका दुबळेपणात दडलेले आहे. हरितलवकातले हे विकर क जीवनसत्त्व आजूबाजूला असेपर्यंतच टिकते. ते संपले आणि पेरॉक्साइड मात्र उरले, तर ज्या विषाचा बंदोबस्त करायचा त्याच विषाने हे विकर अर्ध्या मिनिटाच्या आत निकामी होऊ लागते. म्हणजे भरलेली गाडगी कमी पडली की पन्हळच मोडते, मग पेरॉक्साइड आणखी साचते आणि उरलेली यंत्रणाही कोसळते. भाताच्या पानांचे शेंडे करपलेले दिसतात तेव्हा मीठ पेशींना थेट करत असलेल्या इजेबरोबरच ही साखळी कोसळणेही त्यात सामील असते.

परत भरून देणाऱ्या विकरांचे प्रमाण वाढवले तर झाड अधिक ताण सोसेल का, हे गेल्या काही दशकांत थेट तपासून पाहिले गेले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी गव्हाचे डीहायड्रोॲस्कॉर्बेट रिडक्टेजचे जनुक तंबाखूत आणि मक्यात जास्त प्रमाणात कार्यरत केले, आणि २००३ मध्ये जाहीर केले की या झाडांत क जीवनसत्त्वाचे प्रमाण दोन ते चार पट झाले. नवे जीवनसत्त्व बनवण्याच्या मार्गाला त्यांनी हातही लावला नव्हता. केवळ गळती थांबवली होती. मोनोडीहायड्रोॲस्कॉर्बेट रिडक्टेज वाढवलेल्या तंबाखूच्या रोपांनी ओझोन, मीठ आणि पाण्याचा ताण अधिक चांगला सोसल्याचे २००७ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवले.

आपल्या किनाऱ्याशी थेट नाते सांगणारा प्रयोग मात्र चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेत झाला. तेथील संशोधकांनी अॅविसेनिया मरिना, म्हणजे ठाण्याच्या खाडीपासून गोव्यापर्यंत चिखलात श्वसनमुळे वर काढून उभे असलेले आपले तिवर, या झाडातून हरितलवकातील मोनोडीहायड्रोॲस्कॉर्बेट रिडक्टेजचे जनुक वेगळे केले. मीठ वाढले की तिवराच्या पानांत हे जनुक अधिक जोमाने कामाला लागते. ते तंबाखूत घातल्यावर त्या रोपांची मीठ सोसण्याची क्षमता वाढली, असे त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. जळणासाठी तोडल्या गेलेल्या आणि भरावाखाली गाडल्या गेलेल्या या झाडात शेतीला उपयोगी पडेल असा ठेवा जपलेला आहे, हे वाचून मला फार बरे वाटले होते.

येथपर्यंत वाचून हे विकर जितके जास्त तितके बरे, असे कुणालाही वाटेल. तसे नाही, आणि या विषयातला सर्वांत शिकवणारा भाग येथून सुरू होतो. रिव्हरसाइडच्याच संशोधकांनी २००४ मध्ये पर्णरंध्रांची उघडझाप करणाऱ्या रक्षक पेशींकडे लक्ष दिले. दुष्काळात रंध्रे मिटण्याचा निरोप ज्या रेणूंमार्फत पोहोचतो, त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडही असते. डीहायड्रोॲस्कॉर्बेट रिडक्टेज वाढवलेल्या झाडांत हा निरोप वाटेतच पुसला गेला. रंध्रे अधिक उघडी राहिली आणि पाणी अधिक उडाले. उलट, हे विकर मुद्दाम कमी केलेल्या झाडांनी रंध्रे चटकन मिटली, पाणी राखले आणि दुष्काळ अधिक चांगला सोसला. पुढच्याच वर्षी त्याच गटाने ओझोनचा प्रयोग केला. ओझोन रंध्रांतूनच आत शिरतो, म्हणून रंध्रे उघडी ठेवणारी झाडे त्यात अधिक पोळतील असे वाटले असते. पण विकर वाढवलेली झाडेच अधिक निरोगी राहिली, कारण आत शिरलेल्या ओझोनला निपटण्याइतके भरलेले क जीवनसत्त्व त्यांच्याजवळ होते. एकच बदल ओझोनात तारक आणि कोरड्यात मारक ठरला. पेरॉक्साइड हे विष आहे तसेच ते निरोपही आहे, आणि कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी त्याचे कोणते रूप पुढे येते यावर सगळे अवलंबून असते.

टोमॅटोनेही असाच धडा दिला. फळे थंड जागी साठवल्यावर ज्यांच्यात मोनोडीहायड्रोॲस्कॉर्बेट रिडक्टेज अधिक सक्रिय होते, त्यांच्यात क जीवनसत्त्व अधिक टिकले, असे २००८ मधील अभ्यासात आढळले. मात्र २०१३ मध्ये त्याच विकराचा एक विशिष्ट प्रकार टोमॅटोत वाढवून पाहिला तेव्हा जीवनसत्त्व घटले आणि तो दडपला तेव्हा वाढले. हे विकर पेशीत एकाच जागी नसते. हरितलवकात, तंतुकणिकांत, पेरॉक्सिसोममध्ये आणि पेशीद्रवात त्याचे वेगवेगळे प्रकार असतात, आणि एका कप्प्यातला रहाट जोरात फिरवला तर दुसऱ्या कप्प्यातला हिशोब बिघडू शकतो. याचे टोकाचे उदाहरण इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडले. टीएनटी या स्फोटकाने दूषित झालेल्या जमिनीत झाडे का खुरटतात, याचा शोध घेताना त्यांना मोहरीच्या कुळातील अॅराबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीचे जनुकात बदल झालेले एक रोप भेटले, जे त्या जमिनीतही वाढत होते. त्यात मोनोडीहायड्रोॲस्कॉर्बेट रिडक्टेजच्या सहाव्या प्रकाराचे जनुक बिघडलेले होते. ते विकर चांगले असताना टीएनटीलाही इलेक्ट्रॉन देऊन बसते. टीएनटी तो इलेक्ट्रॉन प्राणवायूला देते, सुपरऑक्साइड तयार होते, आणि हा प्रकार पुन्हा पुन्हा घडत राहतो. रक्षकाच्याच हातून शत्रूला रसद मिळण्यासारखे हे आहे.

शेतकऱ्यांना या विषयाची ओळख बहुधा फवारणीच्या बाटलीवरून होते. क जीवनसत्त्व पानांवर फवारले किंवा बियाणे त्यात भिजवले, तर मिठाच्या ताणाचे परिणाम काहीसे कमी होतात, असे कुंड्यांतल्या अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण वरचे चक्र समजून घेतल्यावर त्याची मर्यादाही समजते. बाहेरून दिलेली गाडगी एकदा रिकामी झाली की त्यांनाही भरून देणारे तेच विकर, तेच ग्लुटाथायोन आणि तोच बैल लागतो. शिवाय क जीवनसत्त्वाचे द्रावण उघड्यावर आपोआप खराब होते, आणि तांब्याचा अंश असेल तर ते फारच लवकर होते. म्हणून तांबेयुक्त बुरशीनाशकाच्या टाकीत ते मिसळणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. जो विक्रेता मीठ, दुष्काळ, थंडी आणि रोग या सर्वांवर एकच अँटिऑक्सिडंट बाटली पुढे करतो, त्याला रंध्रांच्या २००४ च्या प्रयोगाबद्दल अवश्य विचारावे.

माझ्या दृष्टीने अधिक भरवशाचा रस्ता बियाण्याचा आहे. कोकणातल्या खारजमिनींत आणि गोव्याच्या खाजणांत मीठ सोसणारे भाताचे देशी वाण शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपले आहेत. गोव्याचा कोरगुट हा त्यांपैकी सर्वांत परिचित. अशा वाणांची ताकद कशात आहे हे तपासताना मुळांनी अडवलेले सोडियम मोजावे, तसाच पानांतला या चक्राचा वेगही मोजला जावा, असे मला आग्रहाने वाटते.

तो वेग मोजणे नाजूक काम आहे. पान तोडल्याक्षणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावे लागते, कारण हातात नुसते धरून ठेवले तरी भरलेली गाडगी रिकामी होऊ लागतात आणि आकडा खोटा येतो. भरलेले आणि रिकामे जीवनसत्त्व यांचे गुणोत्तर काढायचे असेल, तर ते गोठलेले पान थंड आम्लात कुटतात. विकर मोजायचे असेल तर थंड, उदासीन द्रावणात. मोनोडीहायड्रोॲस्कॉर्बेट रिडक्टेज मोजायचे तर आणखी एक अडचण असते: ज्या अर्ध्या गाडग्यावर ते काम करते, ते बाटलीत भरून ठेवता येत नाही, कारण क्षणात नाहीसे होते. म्हणून ते तिथल्या तिथे तयार करावे लागते. त्यासाठी भोपळ्याच्या कुळातील फळांतून काढलेले ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज हे विकर काचेच्या चौकोनी नळीत क जीवनसत्त्वाबरोबर घालतात. ते जीवनसत्त्वाची एकेक ओंजळ काढत राहते, आणि पानाच्या अर्कातले रिडक्टेज ती परत भरत राहते. या भरण्यात एनएडीएच खर्च होते, आणि ते ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषणारे असल्यामुळे यंत्राच्या पडद्यावरची रेषा सेकंदासेकंदाला खाली उतरताना दिसते. ती जितकी तीव्र उतरेल, तितका त्या पानाचा रहाट वेगात फिरणारा.